बालेंदिनची मुकी वाइन

बालेंदिन उरेस्तीच्या बापानं द्राक्षांचा मांडव स्वतःच्या उंचीला घातला आणि मुलगा त्याच्यापेक्षा चार बोटं उंच निघाला. त्यामुळे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या गेतारियातल्या त्या समुद्राकडे उतरणाऱ्या मळ्यात बालेंदिन जन्मभर मान वाकवूनच वावरला. "मांडव वर उचल की," असं कुणी म्हटलं की तो म्हणायचा, "मान माझी आहे. वेलांना कशाला त्रास?"

त्याच्या चाकोलीला, म्हणजे तिथल्या वाइनला, गावात मान होता. पांढरी, हलकी, आंबटसर आणि जिभेवर बारीक चुणचुणणारी. चुणचुण नसेल तर उरतं ते नुसतं आंबट पाणी, असं तो इतरांच्या बाटल्यांबद्दल मोठ्यानं बोललेला होता. म्हणूनच या जानेवारीत स्वतःच्या नव्या वाइनचा पहिला घोट घेतल्यावर तो कुणाशी काही बोलला नाही. वाइन मुकी होती, चुणचुण नावालाही नाही. दुसरी बाटली उघडली, तीही मुकी.

कारण त्याला ठाऊक होतं. दक्षिणेचा वारा सुटला असताना वाइन हलवायची नाही, तिचा जीव उडून जातो, हे तिथली शाळकरी पोरंही सांगतील. आणि त्यानं नेमक्या त्याच वाऱ्यात बाटल्या भरल्या होत्या. त्याच्या डोळ्यातला दाब अचानक वाढला होता. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पुढं ऑपरेशन करू म्हणाले. त्याच आठवड्यात बाटल्या भरणारी गाडी दारात आली, वारा फिरला, आणि पुढचं काय सांगावं म्हणून त्यानं गाडी परत पाठवली नाही.

सान अंतोनच्या सणाला गावातले सगळे वाइनवाले आपली नवी चाकोली चौकात उघडतात. यंदा माझं टेबल नको, असं त्यानं उत्सववाल्यांना कळवून टाकलं. बायकोला, कोंचेसीला, डोळ्याचं कारण सांगितलं. मनात मात्र ठरवलं होतं की वेल पुतण्याच्या हवाली करायचे. आपला हात गेला.

सणाआधीच्या रविवारी त्याचा बालमित्र मार्चेल जेवायला आला, घरच्या सफरचंदांची फसफसणारी सायडर घेऊन. कोंचेसीची भाचीही आली. तिचं नाव इत्सासो, औषधांच्या दुकानात काम करते. टेबलावर तेलात बुडालेली खारवलेली अँचोवी मासोळी होती, लोणच्यातल्या हिरव्या मिरच्या होत्या, निखाऱ्यावर मासा तडतडत होता. मार्चेलनं न विचारता चाकोलीची बाटली उघडली, डोक्याच्या वर धरली आणि रुंद ग्लासात बारीक धार सोडली. एक घोट घेऊन त्यानं मान डोलावली.

"छान जमलीय रे."

"दया दाखवू नकोस," बालेंदिन म्हणाला.

"दया? तुझ्यावर? एवढं मोठं मन नाही माझं."

बालेंदिननं त्याचीच सायडर ओढून घेतली, चाखली आणि ग्लास खाली ठेवला. "ही पण मेलेली आहे."

"माझ्या बापाला शिव्या दे, सायडरला नको."

कोंचेसीला पित्ताचा त्रास, ती जेवताना सोडा पिते. तिनं आपला ग्लास नवऱ्यापुढं सरकवला. "हे पी आणि सांग."

सोड्यातले बुडबुडे त्याच्या अधू डोळ्यांनाही वर धावताना दिसत होते. तो प्यायला. थोडा थांबला. पुन्हा प्यायला.

"साधं पाणी," तो हळूच म्हणाला.

इत्सासोनं काटा खाली ठेवला. "काका, बोटांना मुंग्या येतात का?"

"येतात. थंडी आहे."

"आणि तोंडात पितळ चाटल्यासारखं?"

"ते हिच्या सूपमुळे वाटलं मला."

"माझ्या सूपवर ढकलतोस होय," कोंचेसी म्हणाली.

"त्या डोळ्याच्या गोळ्यांनी होतं तसं," इत्सासो म्हणाली. "काही जणांच्या जिभेला बुडबुडे कळतच नाहीत. गोळ्या थांबल्या की कळायला लागतात."

"आणि वाइन?"

"वाइनला काय होणार? तिनं कुठं गोळ्या घेतल्यात?"

बालेंदिन खुर्चीत मागं टेकला. मग त्याला लगेच घाई झाली. "आजची गोळी नाही घेतली तर?"

"तर डोळा जाईल," कोंचेसी म्हणाली. "मग माझं तोंडही दिसायचं नाही."

"प्रत्येक गोष्टीला फायदे असतात," मार्चेल म्हणाला आणि तिच्या हातचा फडका चुकवला.

बालेंदिननं त्याचा ग्लास पुन्हा भरला. "पी. चावते का?"

"चावते."

"कुठं?"

"जिभेच्या टोकाला. मग दाढेपाशी."

"माझीच," बालेंदिन म्हणाला.

मग त्यानं अँचोवी उचलली, तेल निथळू दिलं, तोंडात टाकली आणि वर एक घोट घेतला. मीठ होतं, आंबट होतं, तेल धुऊन नेणारा तो गारवा होता. चुणचुणीमागं एवढं सगळं असतं, याकडं त्यानं कधी नीट लक्षच दिलं नव्हतं. आणखी दोन अँचोवी गेल्या, माशाची सगळ्यात मऊ बाजू गेली, तेव्हा कुठं त्यानं उत्सववाल्यांना फोन लावला.

"बालेंदिन बोलतोय. माझं टेबल मांडा."

"कालच काढलं की. आणि तू तर आजारी ना? लोकांना चाखून कोण दाखवणार?"

"मार्चेल चाखेल. मी ओतेन."

टेबलाच्या पलीकडून मार्चेल म्हणाला, मित्रासाठी माणसानं एवढं सोसायलाच हवं.