एक आरसा कमी

हजेरीमामांच्या घरात कुठलीही वस्तू उचलली, की मागे तिची काळी सावली उरायची. झरी गावातल्या त्या घरात कोयता, पळी, चाळण, छत्री, सगळं भिंतीवर खिळ्याला टांगलेलं, आणि प्रत्येकाच्या मागे काळ्या रंगाने काढलेला त्याचा हुबेहूब आकार. संध्याकाळी मामा भिंतीसमोर उभे राहून एकेकाची हजेरी घ्यायचे. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला होता. मामी मात्र हसायच्या. "कोंबडी तेवढी सुटली बघ. ती एका जागी बसत नाय ना!"

मामांनी मुंबईच्या विमानतळावर एका कंपनीच्या टूल स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली. विमान दुरुस्त करणाऱ्यांना पाने-पकडी द्यायच्या आणि काम झालं की मोजून परत घ्यायच्या. तिथल्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची अशी सावली रंगवलेली असते. सावली उघडी दिसली म्हणजे हत्यार बाहेर आहे, आणि ते सापडेपर्यंत विमान उडायचं नाही. "वस्तू गेलेली कोणाला दिसत नाय, बाय," मामा म्हणायचे. "रिकामी जागा दिसते." हे समजावताना त्यांनी माझ्या दुकानातल्या स्टेपलरभोवती स्केचपेनने रेघसुद्धा मारली. टेबल नवं होतं. मी त्यांना चांगलीच बोलले.

माझं दुकान तलासरीत, हायवेलगत. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, अर्ज टाइप करून देणे. मामा तिथे पहिल्यांदा आले ते पेन्शनच्या अर्जासाठी, आणि टाइप करता करता मला सगळी हकिगत कळली.

कंपनीने पाच महिने पगार दिला नव्हता. पेन्शनचे पैसे पगारातून कापले होते, पण पुढे भरलेच नव्हते. कामगारांनी नोटीस दिली, सोमवारपर्यंत पैसे आले नाहीत तर काम बंद. गेटवरच्या घोषणांत मामांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्याच आठवड्यात शुक्रवारी फळ्यावरची एक सावली उघडी राहिली. दांडीचा आरसा. डोळा पोचत नाही तिथे, इंजिनाच्या पोटात बघायला वापरतात तो, रुपयाएवढा. मामांनी वहीत लिहिलं, 'एक आरसा कमी', आणि विमान थांबवायला सांगितलं.

साहेब म्हणाले, संपाची नाटकं बंद कर. युनियनवाल्यांनी पाठीवर थाप मारली, "वा मामा, काय डोकं चालवलंत!" मामांना ही थाप जास्त लागली. "संप करायचा तर उघड करायचा, हत्यारावरून खोटं नाय बोलायचं," असं ते दोघांनाही सांगत राहिले. कोण ऐकतो? वहीत दुसऱ्याच कोणीतरी सही केली आणि विमान गेलं. सोमवार उजाडायच्या आत कंपनीच बंद पडली. संप राहिला, पगार राहिला, पेन्शन राहिली. विमानं दुसऱ्यांनी घेतली, त्यांना नवे रंग दिले. तो आरसा आता कुठल्या विमानाच्या पोटात फिरतोय, हे कोणालाच सांगता येणार नव्हतं.

म्हणून मामा ऐकायचे. आपल्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, आपण मानही वर करत नाही. मामा दुकानात बोलता बोलता थांबायचे, बोट वर करायचे, आणि त्यानंतर कुठे आवाज यायचा. विमान झाईच्या समुद्राकडे दिसेनासं होईपर्यंत ते तसेच बसायचे. मग "ह्यात नाय" म्हणून उरलेला चहा संपवायचे. गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसायची. मामा उठून घरी गेले की मीही त्यांची नक्कल करून दाखवली आहे, खोटं कशाला बोलू?

पुढे बंद कंपनीची देणी फेडायला नेमलेल्या ऑफिसातून कागद आला. 'माझ्या ताब्यातील सर्व हत्यारे मी पूर्ण जमा केली आहेत' या ओळीखाली सही केली, की पैसे मोकळे. मामा तेव्हा डहाणूला चिकूच्या वाडीवर राखण करत होते, या वयात. मी म्हटलं, "मामा, सही करा आणि सुटा. आरसा काय तुमच्या घरचा होता?" त्यांनी ती ओळ शांतपणे खोडली आणि वर लिहिलं, 'एक आरसा कमी'. अर्ज परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा आला. "पेन्शन माझ्या हक्काची हाय, बाय," ते म्हणाले. "खोट्या सहीच्या बदल्यात कशाला घेऊ?"

चैत्रात तिसरा अर्ज घेऊन मी झरीला गेले. वारा पडलेला, कोंबड्या खाटेखाली गप्प. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी बोट वर केलं. घरघर आली, डोक्यावर आली, आणि त्या घरघरीच्या आत मला ऐकू आलं. टिक. काचेवर नख मारावं तसं. थोड्या वेळाने पुन्हा, टिक. एवढ्या उंचावरून असं काही ऐकू येत नाही, हे मलाही कळतं. मामा 'ह्यात नाय' म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

"ऐकलंस?"

"काय?" मी म्हटलं. "मला नाही काही ऐकू आलं."

मामांनी बोट खाली घेतलं. "बरं," एवढंच म्हणाले.

मी घाबरले होते. आणि हो म्हटलं असतं, तर उद्यापासून बाजार मलाही हसला असता. त्या माणसावर माझा जीव होता, तरी मी नाही म्हटलं.

पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाने मामा गेले. दिवसकार्य झाल्यावर मामी दुकानात आल्या. आता वारसाने भरायचा फॉर्म होता, त्यातही तीच ओळ. मी वाचून दाखवली. 

"सगळं जग त्यांना खोटं म्हणालं," त्या म्हणाल्या. "मीबी म्हणाले. तू शिकलेली हायस. तू सांग, होता का आरसा?"

"होता, मामी. मी ऐकलाय. चैत्रात, तुमच्या ओट्यावर."

मामींनी माझ्याकडे बघितलं. "मंग त्यांना का नाय सांगितलंस?"

मी शाईची डबी उघडून त्यांच्यापुढे सरकवली. 

मामींनी शाईच्या डबीत अंगठा दाबला. "लिही," म्हणाल्या. "एक कमी."