‘बोलून राहिलो’ आणि अमरावतीची लाइन

मला नोकरी लागली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. काय काय येत नव्हतं, त्याची यादी पुढे अकोल्याने करून दिली.

साठ सालाच्या मागेपुढे वडिलांची पुण्याहून अकोल्याला बदली झाली. पुण्याची भाषा आणि पुण्याचं नाक आम्ही सामानात नीट बांधून आणलं होतं. आल्या आल्याच मी टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर झाले. तीन महिने कच्ची, मग काम पाहून पक्की. पक्की झाले नाही, तर पुढच्या हंगामात मला उजवायचं, हे घरात ठरलेलं होतं. तेव्हा ती खुर्ची म्हणजे माझा किल्ला.

समोर भोकाभोकांचा बोर्ड. दोरीचं एक टोक गिऱ्हाइकाच्या भोकात, दुसरं अमरावतीच्या लाइनीत खोचलं की बोलणं सुरू. मधून मधून कळ दाबून विचारायचं, “झालं का बोलून?” झालं असेल तर दोरी ओढायची. अमरावतीच्या लाइनी मोजक्या, आणि रांग ही एवढी.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या पाळीत अमरावतीचे कॉल अर्ध्यात तुटू लागले. एक जिनिंगवाले शेठ तर तरातरा दारातच आले. “पोरीच्या सोयरिकीचं बोलनं सुरू होतं बाई! काहून तोडता?”

“लाइनीत दोष आहे,” मी ठसक्यात सांगितलं. लाइन बिचारी काही बोलत नाही, हा तिचा मोठा गुण.

शेजारच्या खुर्चीवरची ताई अस्सल अकोल्याची. ती म्हणाली, “लाइनीचं तुयाशीच काहून वैर हाय वं?”

तेवढ्यात अमरावतीहून साहेब तपासणीला येणार असल्याचं कळलं. हातात आठ दिवस. मी मेकॅनिक चाचांना शरण गेले. चाचांच्या पिशवीत पेचकस, चिंध्या आणि दोन चिमटे लावलेला जुना हेडफोन असायचा. पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे दोन नियम.

“देख बेटी, रस्ता आधा कर. आधा चांगला निघाला, तर दोष दुसऱ्या आध्यात. मग त्याचाबी आधा. आनि एका टायमाले एकच चीज बदल. दोन बदलल्या, तर कोन्त्यानं दुरुस्त झालं हे खुदालेच मालूम.”

माझी नात आज कंपनीतले संगणक सांभाळते. काही बिघडलं की ती हेच करते आणि त्याचा पगार घेते. चाचांनी मला फुकट शिकवलं होतं.

आम्ही वही घातली. तक्रार आलेल्या प्रत्येक कॉलची वेळ, दोरीचा नंबर, भोक. मी शहाणपणाने आणखी एक रकाना आखला: ‘तुटण्यापूर्वी काय ऐकू आलं’. चाचांनी हेडफोनचे चिमटे लावून बाहेरची तार ऐकली, साफ. म्हणजे दोष आमच्या खोलीत. एके दिवशी दोरी बदलली, दुसऱ्या दिवशी भोक, तिसऱ्या दिवशी हेडफोन. कॉल तुटतच होते.

“आता एकच चीज बदलाची राहिली,” चाचा म्हणाले.

“कुठली?”

“तू.”

मी भयंकर चिडले. त्या दुपारी माझ्या खुर्चीवर ताई बसली. एकही कॉल तुटला नाही! मी कोपऱ्यात वही उघडून बसले, काहीतरी चुकलंय हे सिद्ध करायला. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझंच सुवाच्य अक्षर: बोलून राहिलो. बोलून राहिली. बोलूनच राहिलो ना बाई.

“चाचा, ‘राहिलो’ म्हणजे संपवून थांबलो ना?”

चाचांनी डोक्याला हात लावला. “बेटी, मी आत्ता तुयाशी काय करून राहिलो?”

“बोलून…” मी म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं.

मी विचारायची, “झालं का बोलून?” लोक सांगायचे, अजून बोलतोय. आणि मी पुणेकरीण समजायची, बोलून झालं! की ओढलीच दोरी. ताई हसून हसून खुर्चीवरून घसरली. “अवं, बोर्ड चांगला, तार चांगली. तुये कानच पुन्याचे!”

साहेब आले. ‘लाइन खराब’ एवढे दोन शब्द लिहिले असते, तर मी सुटले असते. पण मग चांगल्या तारेपायी चाचा खांब चढत बसले असते. मी वही पुढे केली आणि घडाघडा सगळं सांगितलं. साहेब कोकणातले. त्यांचा विश्वासच बसेना. “असं कसं ऐकू येईल? सरका, मी बघतो.”

त्यांनी हेडफोन चढवला. लाइनीवर नेमके आमचे शेठ. साहेबांनी कळ दाबून रुबाबात विचारलं, “झालं का बोलून?” एक क्षण ऐकलं, मान डोलावली आणि हात दोरीकडे नेला.

मी तो हात मनगटाला धरला. साहेबाचा हात! “ओढू नका साहेब! ते अजून बोलून राहिले!”

मग साहेबांनी हळूच हात मागे घेतला, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बसा तुमच्या जागेवर.”

तीन महिने भरले आणि पक्की झाल्याचा कागद आला. वडिलांनी विचारलं, “मग आता नोकरी करतच राहणार का?”

“करून राहिली!” मी म्हणाले. आईला वाटलं, सोडली.