रोलरचं पोट

आमची आत्या मोठी रागीट, पण तळहात असा की केसाएवढा उंचवटासुद्धा त्यातून सुटायचा नाही. तीस वर्षं ती कारखान्यात रबरी रोलर घासतेय. तुमच्या हातातला कागद, वही, पेपर, सगळं कुठल्या ना कुठल्या रोलरखालून गेलेलंच असतं, कळलं? मी तिथेच कामाला. दोन पोरांची आई झाले, तरी तिची बोलणी काही चुकली नाहीत.

त्या दिवशी कागद गिरणीचे दोन लांबलचक रोलर आले. एक आत्यानं घासला, नेहमीसारखा मधोमध किंचित जाड. नवे साहेब माप घेऊन धावत आले.

"अहो बाई, हा मध्ये फुगलाय!"

"फुगला नाही, पोट ठेवलंय," आत्या म्हणाली. "टोकांना धरून दाबला की रोलर मध्ये वाकतो. पोट नसलं तर मधला कागद दाबलाच जात नाही, त्यातलं पाणी पिळून निघत नाही, ओला राहतो."

"वय झालं, हात चुकतोय असं म्हणा की! दुसरा सरळ घासा."

अरे वा रे शहाण्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्या मात्र चक्क शांत होती.

"घासते सरळ. दोन्ही पाठवा. माझा पोटवाला परत आला तर मी घरी बसते."

"ठरलं!" साहेब म्हणाले.

तीन दिवस फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. चौथ्या दिवशी गिरणीतून फोन आला. साहेबांनी स्पीकर लावला आणि तिकडचा फोरमन ओरडायलाच लागला.

"तो सरळ रोलर कुणी दिला? कागद मधोमध ओलाचिंब, नुसता फाटतोय! दुसरा मात्र झकास. तसलेच आणखी चार पाठवा!"

आम्ही असा गलका केला म्हणून सांगू! कुणी टेबल बडवलं, कुणी शिट्ट्या मारल्या. साहेबांचं तोंड एवढंसं झालं, पण माणूस सरळ आत्यासमोर आला.

"बाई, चुकलो. पोट किती ठेवायचं, शिकवाल?"

"आधी हात धुवा, मळक्या तळव्याला पोट कळत नाही," आत्या म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

मी नाचतच मागे गेले, तर ती नळापाशी उभी राहून रडत होती.

"अगं आत्या, जिंकलीस की तू!"

"साहेब बोलले ना, तेव्हापासून मलाही वाटत होतं गं, गेला माझा हात," ती तळवा चोळत म्हणाली. "आहे गं. अजून आहे!"