दहाला नऊ

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही, आणि एखाद्या माणसाबद्दल लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही. सदूकाकांबद्दल तर नसेलच. का नसेल ते पुढे कळेल. यातली नावं मी बदलली आहेत. भीती अजून पूर्ण गेलेली नाही.

काका ओमानात, अल खौदमध्ये, आमच्या खोलीखालच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायचे. वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशीचे, बारीक, मान जरा पुढे काढून चालणारे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एक पांढरी दिशदाशा, म्हणजे इकडचा पायघोळ अंगरखा, हँगरवर चढवत होते. हँगर अडकवल्यावर त्यांनी हलकेच एक टाळी वाजवली आणि दोन्ही पंजे आधी उताणे, मग पालथे करून दाखवले. समोर कोणीच नव्हतं. मग दुसरी दिशदाशा घेतली. ती संपल्यावर पुन्हा टाळी, पुन्हा पंजे. मला वाटलं, हा काहीतरी देवधर्माचा प्रकार असावा. एक म्हातारे ओमानी गिऱ्हाईक तर गमतीने त्यांच्यासारखेच हात दाखवून विचारायचे, "खलास?" काका पंजे उलटसुलट करून म्हणायचे, "खलास!"

मी विचारलं तेव्हा ते हसले. "वर डोळो असता रे बाबू. त्याका दाखवचा लागता, हातात काय्येक नाय."

गोव्यात, नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर त्यांनी बारा वर्षं पत्ते वाटले होते. टेबलापासून हात बाजूला घ्यायचा तर आधी टाळी वाजवून पंजे छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे, असा तिथला नियम. एखादी चिप, म्हणजे पैशांऐवजी खेळायची चकती, बोटांत लपवलेली नाही हे कळावं म्हणून. गणवेशाला खिसेसुद्धा नव्हते. बोट सोडून सहा वर्षं झाली होती, पण हातांची सवय गेली नव्हती. काकांच्या शर्टाचा खिसाही टाके घालून बंद केलेला असायचा. पैसे ते बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे.

बोटीच्या गोष्टी ते इस्त्रीच्या तालावर सांगत. लोक नोट मोजून देताना दहादा विचार करतात, पण तीच नोट देऊन गोल चकत्या हातात घेतल्या की मूठ सैल होते. जिंकणाऱ्याच्या रकमेतून बोट आपला वाटा आधीच कापून घेते आणि तो कुणाला दिसतही नाही. "हरलेल्याकडसून घेतलंस तर तो बोंब मारता," काका म्हणायचे. "जिंकलेल्याकडसून घे, तो वर हसान थँक्यू म्हणता."

मी हे ऐकलं होतं. नुसतं ऐकलं होतं.

माझे बाबा एसी दुरुस्त करतात. शाळा तिसरीपर्यंत. सही करताना अजून जीभ बाहेर काढतात. त्या वर्षी ते शुक्रवारी दुपारी दोन गल्ल्या सोडून एका गोदामामागच्या खोलीत जायला लागले. तिथे सगळे ज्याला शेठ म्हणत असा एक माणूस अंदर-बाहर खेळवायचा. खेळ सोपा आहे. मधे एक पत्ता उघडा ठेवायचा. मग एक पत्ता आत, एक बाहेर, असे वाटत जायचं. मधल्या पत्त्याचा जोडीदार ज्या बाजूला आधी पडेल ती बाजू जिंकली. या देशात जुगाराला बंदी आहे. पकडलं तर कोठडी, आणि मग थेट विमानात. हे बाबांना ठाऊक होतं. मलाही.

एका दुपारी जेवताना त्यांनी सहज विचारलं, "रे, तू शिकतंस ना ता गणित? अंदर बरा की भायर?"

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, बाबा, जाऊ नका. पण कॉलेजात तेव्हाच संभाव्यता शिकवत होते. बाबांनी मला अभ्यासातलं काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी ताट सरकवलं, एसीच्या गॅसच्या पावतीमागे गणित मांडलं आणि सांगितलं, पहिला पत्ता आत पडतो, म्हणून आतली बाजू थोडी जास्त वेळा जिंकते. शंभरात साडेएक्कावन्न. "अंदरवरच लावा."

बाबा त्या पावतीकडे बघतच राहिले. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती घडी करून पाकिटात ठेवली, देवाच्या फोटोमागे. पुढच्या शुक्रवारी खोलीत त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. "माझ्या झिलान काढल्यान ह्या." त्या दिवसापासून ते सगळे अंदरवर लावायला लागले.

चार-पाच शुक्रवार गेले असतील. मी खाली कपडे घ्यायला गेलो आणि काकांना अभिमानाने हे सांगितलं. काका थांबले. इस्त्री दिशदाशाच्या बाहीवर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली. बाहीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. त्यांच्या हातून कपडा जळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

"अंदर जिंकलो तर किती देतत?"

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"दहाक नऊ," काका म्हणाले. "भायर जिंकलो तर दहाक दहा. अंदरवाल्याक नऊच. सगळीकडे तसाच. ह्या तुका कोणी सांगूक नाय?"

त्यांनी टेबलावरच्या वाटीतल्या खजुराच्या बिया माझ्यासमोर ओतल्या. "तुझा गणित बरोबर आसा. दोनशे डाव धर. एकशेतीन तुझे, सत्त्याण्णव तेचे. दर डावाक धा बियो. आता मोज." मी मोजायला लागलो. एकशेतीन वेळा नऊ, नऊशे सत्तावीस. सत्त्याण्णव वेळा दहा, नऊशे सत्तर. जास्त डाव जिंकूनही त्रेचाळीस बिया कमी.

"आणि बाहेर?"

"थयसर पुरे देतत, पण पडता कमी. दोन्ही दरवाजे तेंचेच, बाबू. खंयसूनय जा, पायरेर कायतरी ठेवूनच जावचा लागता." मग टाळी वाजवून त्यांनी पंजे दाखवले. मला त्या हातांकडे बघवेना.

मी बाबांना सांगितलं. ते हसले. "तूच सांगितलंस ना? आता सदू तुझ्यापेक्षा शिकलेलो?" मी पावती परत मागितली. त्यांनी दिली नाही.

पुढचे शुक्रवार मी गच्चीवर काढले. पाण्याच्या टाक्यांमागे उभा राहून गल्लीच्या तोंडाकडे बघत बसायचो. पोलिसांची गाडी लांबून गेली तरी ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचो. सगळं डोळ्यांसमोर दिसायचं: बाबांना उचललं, विमानात बसवलं, त्यांच्याबरोबर माझा व्हिसा गेला, कॉलेज गेलं. आणि या सगळ्याच्या मुळाशी माझ्याच अक्षरातला एक कागद. बाबा कोपऱ्यावर दिसले की मी पळत खाली यायचो आणि वही उघडून बसायचो. अभ्यास एका अक्षराचा होत नसे.

शेवटी मी काकांकडे जाऊन रडलो. माझं वय वीस. लाज वाटली, पण रडलो.

त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग त्यांच्या गावच्या मास्तरांची गोष्ट सांगितली. मास्तर सहलीबरोबर बोटीवर आले आणि काकांच्याच टेबलाशी बसले. तीन दिवस येत राहिले. काकांना त्यांनीच बाराखडी शिकवली होती. दर डावाला ते काकांकडे बघायचे, काय करू असं विचारल्यासारखं. वाटणाऱ्याने गिऱ्हाइकाशी खेळाबद्दल बोलायचं नाही, हा नियम. वर डोळा. "मी पत्ते वाटीत रवलंय," काका म्हणाले. "एक 'ऊठ' म्हणूचा होता. तोंडात होता. म्हणूक नाय." चौथ्या दिवशी मास्तर आले नाहीत. पुढे त्यांचं काय झालं, ते काकांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या शुक्रवारी लॉन्ड्री बंद होती. काका धुतलेला शर्ट घालून निघाले. मी गच्चीवर गेलो.

खोलीत काय झालं ते बाबांनी नंतर सांगितलं. काका बाबांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भिवा, ऊठ." बाबा चिडले. "तू माझो बापूस लागतंस?" सगळे हसले. शेठ म्हणाला, "आओ सदूभाई, सुना है गोवा में बाँटते थे. जरा हाथ दिखाओ." काकांनी पत्त्यांची गड्डी घेतली, पिसली, आणि वाटण्याआधी शेठला म्हणाले, "आज अंदर को पूरा दस दो. फिर मैं शाम तक बाँटेगा."

शेठ हसला. "ऐसे तो धंदा बैठ जाएगा."

"क्यूँ?" काकांनी विचारलं. "एक ही रियाल का तो फरक है."

शेठने समोरचे पैसे आपल्याकडे ओढले. बाबांनी पाकिटातून माझी पावती काढली, फाडली आणि ते उठले. काका एवढंच म्हणाले, "जा. मी येतंय."

गच्चीवरून मला बाबा एकटेच येताना दिसले, भरभर, मागे न बघता. मी धावत खाली आलो. "काका खंय?"

"मागसून येता. बाकीच्यांका उठयता."

मी परत वर गेलो. आणखी एक माणूस बाहेर पडला. मग दुसरा. मग तिसरा. काका एकेकाला उठवत होते. मग गल्लीच्या दोन्ही तोंडांनी पोलिसांची एकेक गाडी आत आली. मला ओरडायचं होतं. 'पळा' म्हणायला तोंड होतं, आणि मी टाकीमागे खाली बसलो.

शेठ, खेळणारे दोघे आणि काका आत सापडले. गड्डी काकांच्या हातात होती. वाटणारे तेच, असं ठरलं. त्यात बोटीवरची बारा वर्षंही त्यांच्याविरुद्ध गेली.

त्यानंतर आम्ही कसे जगलो ते नीट सांगता येणार नाही. दार वाजलं की बाबा न्हाणीत जाऊन उभे राहायचे. दोघांच्या मनात एकच: काका आमचं नाव घेतील का? आणि मी देवाजवळ मागायचो की घेऊ नयेत. त्यांची सुटका व्हावी असं आधी मागायला हवं होतं. ते मी मागितलं नाही. हे मी दोनदा खोडलं, पण लिहितो.

काही आठवड्यांनी कळलं की काकांना गावी पाठवलं. लॉन्ड्रीत नवीन माणूस आला. काकांचा नंबर माझ्याकडे होता. मी दीड वर्षात एकदाही लावला नाही. आधी भीतीने, नंतर लाजेने.

मागच्या आठवड्यात कुडाळहून प्रकाशचा फोन आला. त्या दिवशी काकांबरोबर पकडलेल्या दोघांतला तो एक. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवला. सदूकाका दोन महिन्यांपूर्वी गेले, तो म्हणाला, झोपेतच. मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता त्याने सांगितलं:

"भिवाकाका, तुमका ठाऊक नसात. थयसर कोठडीत पोलीस सदूकाकांका रोज विचारीत, खोलयेत आणखी कोण कोण होते? नावां सांग, लवकर सुटशीत. ते काय्येक बोलत नसत. एक टाळी वाजवीत आणि दोन्ही हात उघडून दाखवीत."