समोरच्या कप्तानाची परवानगी

सुरू केलेली प्रत्येक गोष्ट शेवटाला नेणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आम्हा मुलींच्या सॉफ्टबॉल टीमचा कोच आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. जन्म कोलशेतच्या कोळीवाड्यातला, नोकरी तिथल्याच कारखान्यात, आणि आता रिटायर झाल्यावर आमच्या टॉवरमागच्या मैदानात मुक्काम. एकदा डोंबिवलीत ते चुकून भलत्याच हॉलमध्ये लग्नाला गेले. चूक कळली तेव्हा पानात वरणभात पडला होता. मग ते पोटभर जेवले, फोटोत उभे राहिले आणि पाठवणीच्या वेळी मुलीच्या वडिलांच्या गळ्यात पडून रडले. राँग नंबर लागला तरी पलीकडच्या माणसाच्या मुलाबाळांची चौकशी केल्याशिवाय ते फोन ठेवत नाहीत.

हे सगळं आपण रद्दीत सापडलेल्या एका इंग्रजी पुस्तकातून शिकलो, असं ते सांगतात. मला वाटतं, सवय आधीचीच होती. पुस्तकाने तिला पुरावा दिला. पुस्तक अमेरिकेतल्या सुरुवातीच्या बेसबॉलचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून ते वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. चारचौघांत मला बोलायला जमत नाही, पण पुस्तक समोर असलं की जमतं. त्या काळी पहिला बॉल टाकणारा पिचर बहुतेक वेळा शेवटचाही बॉल टाकायचा, मग हात दुखो की बोट फुटो. आणि अगदी आधी तर बॉल खालूनच टाकायचे, आमच्यासारखा. काका खूश व्हायचे. "दर्यात जालं फेकलं तं वर कोन वढनार गो? आपुनच ना?" पुस्तक संपलं तेव्हा मागची शब्दसूची उरली होती. तीही त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली.

त्यातली एक गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली. पूर्वी खेळाडू बदलायचा तर समोरच्या कप्तानाची परवानगी लागायची. "मागताना केवढी लाज वाटत असंल," ते म्हणाले होते.

दरवर्षी आमची मॅच होते, मुली विरुद्ध काका आणि त्यांचे कारखान्यातले मित्र. सातही इनिंग काकाच टाकतात. यंदा त्यांचा खांदा धरला होता. काकूंनी मैदानात येऊन बजावलं, "चार इनिंग टाका नि बसा."

"सुरू केल्यावर संपवाया नको?"

"मंग सुरूच करू नका."

त्यांनी सुरू केलं. सहाव्या इनिंगमध्ये लागोपाठ दोन बॉल अर्ध्या वाटेतच पडले. काका थांबले. मित्रांकडे पाहिलं नाही, काकूंकडे तर नाहीच. सरळ आमच्या बाकाकडे चालत आले. यंदा कप्तान मी होते, कारण वेळेवर नाही म्हणायला मला सुचलं नव्हतं.

"कप्तान," ते हळू आवाजात म्हणाले, "बदली पायजे. परवानगी हाय का?"

नाही म्हणावं असं मला फार वाटलं. पण त्यांनी डाव्या हाताने उजवं कोपर सांभाळून धरलं होतं.

"आहे, काका."

ते माझ्याशेजारी बसले आणि शेवटपर्यंत प्रत्येक बॉल स्कोअरबुकात लिहीत राहिले. आम्ही जिंकलो, ते मी त्यांच्याच वहीत पाहिलं.

सगळे वडापावकडे वळल्यावर त्यांनी मला ग्लोव्ह दिला आणि होमप्लेटमागे, कॅचरच्या जागी, बसायला सांगितलं. मग पिचरच्या जागेवर जाऊन डाव्या हाताने एक बॉल टाकला. तो तीन टप्पे खात, बऱ्याच वेळाने माझ्यापर्यंत आला. मी तो नीट, दोन्ही हातांनी पकडला.

"झालं," काका म्हणाले, आणि टोपी काढून घाम पुसला.