धाकटीची काजं

माझी धाकटी जाऊ कोटाची काजं हाताने करायची. काज म्हणजे बटणाचं भोक, पण तिच्यासमोर भोक म्हणून बघा, सुई घेऊन मागे लागेल! शिंप्याच्या दुकानात आम्ही दोघी शेजारीशेजारी बसायचो. मी अस्तरं लावायची, ती काजं. मास्तर म्हणायचे, "हिचं काज बघत बसतं गिऱ्हाईक, बटण लावायचं विसरतं."

मग ती सकाळी उशिरा यायला लागली. "आल्या राणीसरकार!" मी म्हणायची. ती नुसती हसायची. सकाळी दोन-दोन तास बोटं वळतच नाहीत, हे काही बोलली नाही. सुईचं काम म्हटलं की बोटं दुखणारच, असं धरून चालली होती. एक दिवस हातातून कात्री पडली, तेव्हा मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांचे सुजलेले सांधे दाबून पाहिले, रक्त तपासलं. म्हणाल्या, "हा कामाचा दोष नाही. हा संधिवातातला आमवात. तुमचंच शरीर तुमच्या सांध्यांवर उठलंय. दुखायचं थांबलं तरी मला विचारल्याशिवाय गोळ्या थांबवायच्या नाहीत."

तीन महिन्यांनी आमच्या राणीसरकारांनी एका झटक्यात सुईत दोरा ओवला. आमच्या धंद्यात हीच परीक्षा! पास झाली, नि गोळ्या बंद. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

वर्ष-दीड वर्षात बोटं वाकडी झाली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सूज उतरली, बोटं काही सरळ झाली नाहीत. "पुढचं वाचवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झालं ते झालं."

तरी ती रोज यायची. काजं नागमोडी जायची. मास्तर तसे तोंडाचे फटकळ, पण तिला बोलायचा धीर होईना. त्यांनी मला बाजूला घेतलं. मग ती जेवायला घरी गेली की मी तिची काजं उसवायची नि नवी घालायची. माझी काजं ती काय! पण सरळ तरी होती. चार महिने हेच चाललं.

परवा तिने इस्त्रीला निघालेला कोट उचलला. काजावरून वाकड्या बोटाची पाठ फिरवली. पुन्हा फिरवली.

"हा हात तुझा आहे, ताई."

"अगं, घाई होती ना, म्हणून एक..."

"किती दिवस?"

मास्तर उगाच मोजपट्टी गुंडाळत बसले.

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने कोट जागेवर ठेवला, कॉलर सारखी केली.

"उसवायला तरी मला द्यायचंस," ती म्हणाली. "तेवढं जमलं असतं मला."