हिरूकाकीचं रडणं

हिरूकाकी येऊन बसल्याशिवाय आमच्या माकुणसारमध्ये मयत उचलत नसत. असा नियम कुणी केला नव्हता, पण खांदेकरीसुद्धा तिची वाट बघत बिड्या ओढत थांबायचे. काकी यायची, गेलेल्या माणसाच्या उशाशी बसायची, पदर सावरायची आणि हेल काढून त्याच्याशी बोलायला लागायची. बोलायची म्हणजे काय, चांगली हजेरीच घ्यायची. कुणाच्या लग्नात रुसून न जेवता गेला होता, बायकोला कधी गजरा आणला नव्हता, कुणाच्या दुखण्यात रात्ररात्र जागला होता, सगळं निघायचं. लग्न होऊन या गावात आल्यावर मी पहिल्यांदा ते ऐकलं, तेव्हा मला मेलीला हसू आवरेना. मग बघते तर माझेच डोळे गळत होते.

काकी माझी शेजारीण. आमच्या वाड्यांमध्ये फक्त शेराच्या झुडपांचं कुंपण. एकदा मी तिला विचारलं, की काकी, गेलेल्या माणसाला बोल कशाला लावतेस? ती सुपारी कातरत होती, हात न थांबवता म्हणाली, "बोलून मोकला केला की मानूस हलका होऊन जातो गं. नायतर उंबऱ्यातच अडकून राहतो." हे ती गंमत म्हणून सांगत नव्हती. तिचा त्यावर पक्का विश्वास होता.

मग पलीकडच्या आळीतला शांताराम अचानक गेला. लोणच्याचा भारी शौकीन माणूस. त्याची बायको सकाळपासून दगडासारखी बसून होती, डोळ्यांतून टिपूस नाही. काकीने हेल काढला, "शांताराम रे, लोणच्याची बरणी नेलीस, लोणचं खाल्लंस, बरणी कुटं ठेवलीस रे? आता कोनाला इचारू मी?" ते ऐकून त्याची बायको फिसकन हसली आणि त्याच हसण्यातून तिचा बांध फुटला. बिचारी मोकळी झाली. पण मयतीला आलेल्या कुणा पाहुण्याने ते मोबाईलमध्ये घेतलं होतं, ते त्याने नेटवर टाकलं. फक्त बरणीपुरतं. बायकोचं रडणं त्यात नव्हतंच.

झालं! बोईसरला हळदीच्या मांडवांत डीजेवर 'बरणी कुटं ठेवलीस रे' वाजायला लागलं. आमचे हे तारापूरला कंपनीत आहेत. तिथले बिहारी कामगारसुद्धा यांना विचारत, "भैया, बरनीवाली काकी आपके बाजू में रहती है क्या?" केळव्याला शनिवार-रविवारी येणारे मुंबईकर वाट वाकडी करून काकीच्या ओट्यावर हजर. फोटोसाठी येताना बरणी घेऊन यायचे आणि जाताना ती तिथेच सोडून जायचे. पडवीत चालायला जागा उरली नाही. सुरुवातीला काकीलाही मौज वाटली, खोटं कशाला बोलू? इरकल नेसून बसायची, सगळ्यांना चहा पाजायची. काका, म्हणजे तिचा नवरा, दम्याने बेजार. ते आतून खोकत म्हणायचे, की मयतीचं कसलं कौतुक करता, बंद करा ही जत्रा.

एक दिवस कुठलासा चॅनलवाला आला. तरणाबांड, गोड बोलणारा. म्हणाला, काकी, एकदा रडून दाखवा. काकी म्हणाली, उगीच नाही रडता येत, कुणासाठी रडायचं? तर हा म्हणाला, माझे आजोबा महिन्यापूर्वी गेले, त्यांच्यासाठी. काकीने त्याच्याकडून आजोबांचं नाव, स्वभाव, आवडीनिवडी सगळं विचारून घेतलं आणि त्या न पाहिलेल्या माणसासाठी जीव ओतून रडली. दोन दिवसांनी व्हिडिओ आला. शेवटी आजोबा धडधाकट, बाकावर बसून पोट धरून हसत होते.

सगळ्या जगाला गंमत वाटली. काकीचा मात्र चेहरा उतरला तो उतरलाच. जित्या माणसाला तिने रडून वाटेला लावलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती कुंपणापाशी येऊन मला विचारायची, "सुमन, मोबाईलात बघ ना. ते आजोबा बरे हायत ना गं?" मी बघून सांगायची, बरे आहेत. तेवढ्यापुरती ती घरात जायची.

त्यानंतर काकी मयतीला गेली की आधी माणसं मोबाईल काढायची. मग ती पदराचा बोळा तोंडात धरून गप्प बसायला लागली. तर लोकांना तेही लागलं. आमच्याकडे रडायला आता कॅमेरा हवा का, असं एकीने तोंडावर विचारलं. तिने जाणं सोडलं, तर माजली म्हणाले. काय करायचं माणसाने? बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत.

आणि मग काका गेले.

अंगणात गाव लोटलं. कुंपणावरून, ओट्यावरून, पायरीवरून हात वर झालेले, प्रत्येक हातात मोबाईल. मी शिव्या घातल्या, दोघांचे हिसकावले, पण किती जणांचे हिसकावणार? काकी उशाशी बसली होती. तिने एकदा मान वर करून सगळीकडे पाहिलं, पदर तोंडात कोंबला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. उभा जन्म ज्याच्याबरोबर काढला, त्याला एक शब्द न बोलता जाऊ दिलं. मला तर तिथेच ओरडावंसं वाटत होतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी माझ्या वाडीत आली. डोळे खोल गेलेले. म्हणाली, "तो अजून घरातच हाय. जाता येत नाय त्याला." मग विहिरीकडे बोट करून म्हणाली, "इंजिन लाव."

आमच्या विहिरीवर एक जुनं डिझेल इंजिन आहे, लाइट गेली तरच लावतो. ते चालू झालं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही. मी म्हटलं, काकी, लाइट आहे, मोटर लावते.

"मोटर नको," काकी म्हणाली. "इंजिनच लाव."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हँडल मारलं. धडधड सुरू झाली आणि काकी विहिरीच्या काठावर बसली, पदर सावरला, तोंड उघडलं. तिचे हात हलत होते, मान हलत होती, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. सुपारीच्या बुंध्यांभोवतीची आळी भरली, पाणी वाटेवर आलं, माझ्या पावलांवरून वाहायला लागलं, तरी मी इंजिनाला हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने ती उठली, पाटात तोंड धुतलं आणि हाताने खूण केली. मी इंजिन बंद केलं.

"गेला," काकी म्हणाली.

आता गावात कुणी गेलं की काकी मयतीला जाते, गप्प बसते, लोकांची बोलणी खाते आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येते. लाइट असो नसो, मी डिझेल भरून ठेवते.